सिंधुदुर्ग जिल्हा कोणीही मोडीत काढलेला नाही

गेल्या आठवड्यात दोडामार्ग तालुक्यातल्या माझ्या आतेचा फोन आला. "सातबारो रत्नागिरीक गेलो, तर मियां या वयात खंय फिरू?" एवढेच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. निमित्त होते व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका मजकुराचे. २०२१च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या निम्म्यावर आली, दहा लाखांखालचा जिल्हा नियमाने रद्द होतो, म्हणून सावंतवाडीचे जिल्हा मुख्यालय बंद होऊन आठही तालुके रत्नागिरीला जोडले जाणार, जुने सातबारे बाद होणार, तेव्हा जमिनी आत्ताच विकून मोकळे व्हा, असे त्यात म्हटले आहे. शेवटचा सल्ला कोणाच्या सोयीचा आहे, हे कोकणात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

मुळात २०२१ची जनगणना झालेलीच नाही. ती लांबत गेली आणि आता नव्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. न झालेल्या मोजणीचे आकडे या लेखकाला कोठून मिळाले, ते त्यालाच ठाऊक.

लोकसंख्या घटली, एवढे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. २००१ मध्ये जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसे होती, २०११ मध्ये ८,४९,६५१ उरली. म्हणजे घट सव्वादोन टक्क्यांच्याही आत. दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया हा आकडा पाहिला, की घरातले कर्ते पुरुष मुंबईला असतात, हे कळतेच. पण त्याच दशकात रत्नागिरी ४.८२ टक्क्यांनी आणि मुंबई शहर जिल्हा ७.५७ टक्क्यांनी घटला. घट हाच निकष असेल, तर आधी मुंबई शहर कोणाला जोडायचे ते ठरवा.

दहा लाखांचा 'नियम' तर निव्वळ बनाव आहे. जिल्हे निर्माण करण्याचा, त्यांच्या सीमा बदलण्याचा वा ते रद्द करण्याचा अधिकार राज्य शासनाला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ने दिला आहे, आणि त्या कलमात लोकसंख्येची कोणतीही मर्यादा नाही. उलट अशी अधिसूचना काढण्यापूर्वी तिचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. हे काम गुपचूप होत नाही. मुख्यालयाचे म्हणाल, तर ते सावंतवाडीत नसून कुडाळ तालुक्यात ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीत आहे.

आता सातबारा, कारण घबराट पसरली आहे ती त्याचीच. आतेला मी तिच्या ट्रंकेतली जुनी कागदपत्रे काढायला लावली आणि फोनवरच वाचून घेतली. सत्तरच्या दशकातल्या उताऱ्यावर तालुका सावंतवाडी, जिल्हा रत्नागिरी. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाल्यानंतरच्या उताऱ्यावर तालुका तोच, जिल्हा सिंधुदुर्ग. १९९९ मध्ये सावंतवाडीतून दोडामार्ग तालुका निघाला, त्यानंतरच्या उताऱ्यावर तालुका दोडामार्ग. एकाच काजूच्या बागेचे तीन मथळे झाले आणि त्यासाठी तिला कोणाच्याही दारात जावे लागले नाही. त्या जमिनीवरचे नाव बदलले ते एकदाच, आमचे काका गेल्यावर वारसनोंदीच्या फेरफाराने, आणि ते आजही आतेचेच आहे.