नऊ कमी करा

परवाच्या मंगळवारची गोष्ट आहे आणि मी अजून शांत झालेलो नाही.

तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था. तिच्यासाठी कर्जहप्त्यांचं वेब अॅप्लिकेशन आम्ही सहा महिने खपून बनवलं. माझ्या लॅपटॉपवर ते पळत होतं, ऑफिसच्या टेस्ट सर्व्हरवरही पळत होतं. ते जावा भाषेत लिहिलेलं, आणि ते चालवायला सर्व्हरवर जावाची योग्य आवृत्ती लागते. 'तुमच्याकडे जावा कुठलं आहे?' असं मेल करून विचारलं होतं, त्यावर एका शब्दात उत्तर आलं होतं, 'लेटेस्ट'. तेवढ्या भरवशावर मी पहाटेची एसटी धरली. चूक माझीच. पण सगळी माझी नाही.

सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत आणि खोलीची किल्ली मामांकडे. मामा म्हणजे संस्थेचे सगळ्यात जुने शिपाई. त्यांनी आधी रजिस्टर पुढे सरकवलं: नाव, वेळ, कामाचे स्वरूप, सही. मी लिहिलं, 'नवीन सॉफ्टवेअर बसवणे'. मामांनी ते चष्मा वर करून वाचलं, मग मला चपला काढायला लावल्या. आत सर्व्हरला हळदकुंकू लावलेलं, वर दसऱ्याचा वाळलेला झेंडूचा हार. त्यातली एक पाकळी पंख्याच्या जाळीत अडकून टरटर वाजत होती. ती काढायला हात पुढे केला तर मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आवाज आला की चालू हाय हे कळतं."

जावाची वेब अॅप्लिकेशन्स चालवणाऱ्या टॉमकॅटच्या फोल्डरमध्ये वॉर फाइल, म्हणजे आमच्या अॅप्लिकेशनचं गाठोडं, टाकली, त्याच्या नोंदींचा लॉग उघडला आणि समोर लालभडक 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर'. तुमची फाइल ६१ आवृत्तीची आहे आणि मला ५२ पर्यंतचंच वाचता येतं, अशी तक्रार. जावाच्या आवृत्तीत ४४ मिळवले की हा आकडा येतो. म्हणजे मी जावा १७ घेऊन आलो होतो आणि इथे जावा ८ नांदत होतं. जावा ८ आलं मार्च २०१४ मध्ये, १७ आलं सप्टेंबर २०२१ मध्ये. 'लेटेस्ट' हे उत्तर खोटं नव्हतं, शिळं होतं.

"काय म्हणतंय?" मागून मामा.

"मामा, आमचं एकसष्ट आहे आणि तुमच्या सर्व्हरला बावन्नच चालतं."

"मग नऊ कमी करा की."

मी हसलो. शिकलेली माणसं हसतात तसं, नाकातून.

"तसं नाही कमी करता येत, मामा."

"का?"

"ते आत असतं."

"आत म्हंजी कुठं?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला समजावून सांगायची खोड आहे. तिच्यापायी घरीही बोलणी खाल्ली आहेत. मी हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट एकेक करून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एक क्लास फाइल, म्हणजे जावा कोडची भाषांतरित फाइल, उघडली. जावाच्या प्रत्येक क्लास फाइलची सुरुवात ठरलेल्या चार बाइटांनी होते. सीए, एफई, बीए, बीई. सलग वाचलं तर 'कॅफे बेब'. एवढ्या गंभीर भाषेच्या कपाळावर हे कोणी गोंदलं असेल, असं मला कायम वाटतं. तर सुरुवातीपासून आठव्या घरात ३डी, सोळाच्या पायावर मोजलं तर आपले ६१.

"हे बघा, इथे."

मामांनी वाकून पाहिलं. "मग हे खोडा आन बावन्न लिवा. व्हाइटनर देऊ?"

"मामा, हे काय रजिस्टर आहे का?"

"लिवलंय म्हंजी रजिस्टरच की."

ते चहा सांगायला बाहेर गेले. आणि आता खरं सांगतो, मी त्या घरात ३डीच्या जागी ३४ लिहून पाहिलं. फाइल दारातून आत गेली आणि ओसरीतच कोसळली. दोन शब्द जोडायला नवा कंपाइलर, म्हणजे कोडचं क्लास फाइलमध्ये भाषांतर करणारा प्रोग्रॅम, ज्या 'स्ट्रिंग कॉन्कॅट फॅक्टरी'वर विसंबतो, ती जावा ९ मध्ये आली. ८ ला तिचा पत्ताच ठाऊक नाही. म्हणजे कर्जदाराचं नाव आणि आडनाव एकत्र येईनात.

"चाललं का?" दारात मामा, हातात दोन कप.

"काय?"

"व्हाइटनर."

मग मी शहाण्यासारखा वागलो. जावा १७ ची झिप उलगडली, जावा कुठे आहे ते सांगणारं 'जावा होम' बदललं. काळ्या खिडकीत विचारलं तर उत्तर आलं, १७. आता टॉमकॅट बंद करून चालू करायचा तर अॅडमिनचा पासवर्ड हवा. मी "रिस्टार्ट कसा करायचा..." एवढंच पुटपुटलो तोच मामांनी बटण दाबून अख्खा सर्व्हरच बंद केला. वर भिंतीपलीकडे कॅशियर ओरडला. सर्व्हर पुन्हा उठला, पाकळी टरटरली, लॉगमध्ये पुन्हा ५२. कारण विंडोजवर टॉमकॅट सर्व्हिस म्हणून बसवला असेल तर तो जावा होमला विचारत नाही. कुठलं जावा वापरायचं ते त्याने स्वतःच्या वहीत लिहून ठेवलेलं असतं. ती वही बदलायलाही अॅडमिनचाच पासवर्ड.

"पासवर्ड साहेबांकडं. साहेब वसुलीला गेलेत."

"फोन लावा ना."

"वसुलीला गेल्यावर साहेब फोन उचलत न्हाईत."

हे मला पटलं, पण माझी साडेपाचची एसटी होती. खाली कोपऱ्यात जावा अपडेटचं नारिंगी चिन्ह लुकलुकत होतं. "हे रोज येतंय," मामा अभिमानाने म्हणाले, "मी रोज नको म्हणतो." त्याने ८ चं १७ झालं नसतंच, ते ८ चीच डागडुजी करतं, पण मला त्या क्षणी भांडायला काहीतरी हवं होतं.

शेवटी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो आणि सहा महिन्यांचा कोड उसवायला घेतला, जावा ८ ला न कळणारं जे जे त्यात होतं ते काढायला. सुबक एकेका ओळीचे रेकॉर्ड मोडून चाळीस-चाळीस ओळींचे क्लास केले. एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नांच्या, स्वच्छ ओळींना पुन्हा अवतरणचिन्हं आणि अधिकची चिन्हं टोचली. 'इज ब्लँक'ला कात्री, 'लिस्ट ऑफ'ला कात्री. ग्राहकाने एका शब्दाऐवजी एक आकडा कळवला असता तर हे काम मी घरी, पंख्याखाली, शिव्या न देता केलं असतं. याचं बिल कोणी देत नाही. 'आवृत्ती विचारायला हवी होती' असं सगळे सांगतात. विचारली होती हो!

पाच वाजता कंपाइलरला 'रिलीज ८' असं बजावून नवी वॉर बनवली, फोल्डरमध्ये टाकली. लॉगइनचं पान उघडलं. हेक्समध्ये पाहिलं, आठव्या घरात ३४. बावन्न.

मामांना काही सांगायची गरज नव्हती. ते रजिस्टर घेऊन उभेच होते. जाण्याची वेळ मी लिहिली. शेरा त्यांनी स्वतःच्या अक्षरात आधीच लिहून ठेवला होता, 'नऊ कमी केले'. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली होती.

एसटी सुटायला पंधरा मिनिटं होती. मी सही केली.