चार हलकी पोती

काल इंदूरच्या राजेंद्रनगरात ओटल्यावर चहा गार झाला तरी कुणी उठेना. विषय त्या पोराचा. चोइथराम मंडीत हम्माली करतो, जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचा. लायसन त्याच्या काकाचं, हा नुसता हाताखाली. आमच्यातल्या कितीकांच्या घरी कांद्याचं पोतं त्यानंच जिना चढवून दिलंय. लसणाची चार पोती लोडिंग रिक्षानं बसस्टँडला पोचव, असं एकानं सांगितलं. वाटेत तपासणी झाली आणि वीतभर लसणाखाली डोडाचुरा निघाला. चारी मिळून ७२ किलो. सांगणाऱ्याचा पत्ता नाही.

"अरे, रोज पोती उचलणारा माणूस!" सुधीर तावातावानं म्हणाला. "लसणाचं वजन त्याच्या खांद्याला कळत नाही? माहीत होतं त्याला."

मुद्दा खोटा नव्हता. डोडाचुरा म्हणजे चीक काढून घेतलेल्या अफूच्या बोंडांचा वाळका चुरा. लसणापुढे हलकाच.

पण नाना उखडले. आयुष्यभर आढतीवर हिशेब लिहिलेला माणूस. "कळलं असेल ना! हलकं आहे, एवढंच कळलं असेल. हम्मालाला पोत्यामागे पैसे मिळतात. हलकं आलं तर तो देवाला हात जोडतो, सुतळी उसवून आत बघत नाही. उसवलीच, तर उद्या त्याला काम कोण देईल?" आणि वास म्हणाल, तर लसणाच्या पोत्यात दुसरा कसला वास लागणार?

वकीलकाका इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा. माल त्याच्या ताब्यात होता एवढं ठरलं, की कलम ३५ प्रमाणे त्याला माहीत होतं असंच कोर्ट धरून चालतं. नव्हतं माहीत, हे त्यानं सिद्ध करायचं, तेही शंकेला जागा न ठेवता. डोडाचुरा ५० किलोच्या वर, म्हणजे व्यापारी मात्रा. किमान १० वर्षं आणि १ लाख दंड. कलम ३७ मुळे जामीनही कठीण."

दहा वर्षं. मला त्याचा खांद्यावरचा गोणपाटाचा तुकडा आठवला, घामानं काळा पडलेला.

"मग कायदा सैल करायचा?" सुधीरचा आवाज चढला. "मंदसौर-नीमचकडून माल येतो आणि आमच्या घरातली पोरं जातात. माझा भाचा गेला. पकडलेला प्रत्येक जण हेच म्हणतो, मला माहीत नव्हतं."

यावर कुणाला पटकन बोलता आलं नाही. त्याचं दुःख खरं आहे. पण भाच्याला संपवणारा माणूस पोती उचलत नाही, तो फोन करतो. व्यापाऱ्याच्या मालाला बिल्टी, म्हणजे वाहतुकीची पावती असते, मंडीची पावती असते. हम्मालाजवळ काय असतं? तोंडी निरोप. निर्दोष असल्याचा कागद त्यानं कुठून आणायचा? सकाळी त्याला आलेला तो एक फोन आणि गेटवर पोती देणाऱ्याचं चित्रण, एवढाच त्याचा पुरावा.

"चित्रण फार दिवस राहत नाही, त्यावर नवीन चढतं," वकीलकाका म्हणाले. "ते आणि फोनची नोंद जपून ठेवा, असा अर्ज लगेच द्यायला हवा. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात तशी सोय आहे. त्याच्या आईला हे कुणी सांगितलंय का?"

कुणीच सांगितलं नव्हतं.

"मला अजूनही वाटतं, त्याला कळलं असणार," सुधीर उठता उठता मला म्हणाला. "पण गेटासमोरच्या दुकानाचा कॅमेरा माझ्या ओळखीच्याचा आहे. सकाळी सातला मंडीत ये. आणि त्या माउलीलाही घेऊन ये."