फुगा, टेनिस बॉल आणि 'बघून शिकेल'

नमस्कार सर,

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलाला झेल शिकवताना आधी फुगा द्यावा का, यावर 'नऊ वर्षांच्या पोराला फुगा कसला देता? टेनिस बॉल द्या, बाकीच्यांचं बघून महिन्याभरात झेल घ्यायला शिकेल,' असं तुम्ही लिहिलंय. फुग्याबद्दल निम्मं मान्य. 'बघून शिकेल' मात्र पटत नाही.

ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना नक्कल करणंच अवघड जातं. तुम्ही समोरून दाखवता तेव्हा डावं-उजवं उलटं दिसतं, त्यात तुमच्या सूचना, कडेची शिट्टी. नेमकं बघायचं कशाकडे? दाखवायचं तर शेजारी, त्याच दिशेला तोंड करून. हात धरून करवायचं तर मागून, आणि स्पर्श चालत असेल तरच.

झेल सुटतो तो बहुतेक वेळा उशिरामुळे. हात तयार होईपर्यंत बॉल छातीवर आदळलेला असतो. पुढच्या वेळी मूल तोंड फिरवतं, डोळे मिटतं आणि आपण त्याला भित्रं ठरवून मोकळे. फुगा उसंत देतो, पण वाऱ्याने भरकटतो, आणि एकदा कानाशी फुटला की आवाज न सोसणारं मूल पुन्हा जवळ फिरकत नाही. इथे तुमचं बरोबर.

त्यापेक्षा कांद्याची जाळीची पिशवी घ्या (नाशकात तिला काय तोटा!). त्यात वीतभर व्यासाचा मऊ बॉल घालून झोपाळ्याच्या कडीला दीड मीटर दोरीने टांगा; बॉल मुलाच्या छातीशी यायला हवा. जाऊन परत यायला त्याला साधारण अडीच सेकंद लागतात आणि सरळ सोडला तर वाटही दर वेळी तीच. आधी तळव्यांनी नुसता अडवायचा, मग धरायचा. तोंडाने फक्त 'हात' म्हणा, हात वर येईतो थांबा, मगच सोडा. शब्द आणि बॉल एकदम सुटतात, ही नेहमी होणारी चूक.

दहापैकी आठ जमले की तोच बॉल जाळीतून काढून मीटरभरावरून खालून टाका. थोडी हवा कमी करा, म्हणजे हातातून उसळणार नाही. टेनिस बॉल त्यानंतर. सराव संपला की दोरी काढून ठेवा, गळ्यात अडकू शकते.

घरी जमलेलं नाशकातल्या गोल्फ क्लब मैदानावर बहुतेकदा बिघडतं. तिथे बॉल तोच, पायाखालची सतरंजी तीच आणि कोपरा शांत ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. तुमच्या क्रिकेटच्या नेट्समध्ये त्याला घेणार असाल तर बाकीची मुलं यायच्या आधीची दहा मिनिटं द्या. शिट्टी तेवढी खिशात.