टिकतं म्हणून खपत नाही

परवा पुण्यात भाचीबरोबर एका दुकानात शिरले. काचेमागे एक जाकीट टांगलेलं. लांबूनच ओळखलं, आपली सोलापुरी चादर! मरून रंग, पाठीवर मोर, बाह्यांना चादरीचीच किनार. खाली चिठ्ठी, 'सस्टेनेबल'. किंमत ४,८०० रुपये. भाची म्हणाली, "मावशी, किती भारी ना, इको-फ्रेंडली!" मी म्हटलं, "अगं, असल्याच चादरीवर तू लहानपणी मुतलीयस." काउंटरवरची मुलगी हसली. भाची स्टेशनपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

पण ती चादर खरंच आहे घरात. माझ्या लग्नात, १९९६ साली, आहेरात चार आल्या होत्या. त्यातल्या दोन अजून अंथरुणात आहेत. रंग उतरलाय, कापड धुऊन धुऊन मऊ झालंय, पण वीण हललेली नाही. तिसरी फाटली तेव्हा वाकळेच्या आत गेली, म्हणजे तीही वापरातच. चौथी गड्ड्याच्या यात्रेला आलेला कुणी पाहुणा घेऊन गेला, त्याच्याकडेही ती धडधाकट असणार.

हे सगळं मी मोठ्या कौतुकानं आमच्या ओळखीच्या अण्णांना सांगत होते. सोलापूरच्या पूर्वभागात घरामागच्या शेडमध्ये त्यांचे आठ माग होते, आता तीन चालतात. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ताई, तुमी तीस वर्षं एकच चादर वापरूलालाव आणि मलाच विचारूलालाव, धंदा का बसला म्हणून?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नीट सुचलेलं नाही, म्हणून ही पोस्ट.

टिकाऊ कपडा घ्या, कमी घ्या, जवळचा घ्या, असं आपण सगळे म्हणतो. बरोबरच आहे. पण टिकाऊ कपडा विणणाऱ्याला दुसरं गिऱ्हाईक लागतं, तिसरं लागतं. आणि ते सगळे तर २९९ रुपयांचा टी-शर्ट घेऊन दोन पावसाळ्यांत त्याचं पोतेरं करणाऱ्या रांगेत उभे आहेत. त्या रांगेत मीही होते, हे आधीच कबूल करते.

गेल्या दिवाळीपासून मी ठरवलं, वर्षभर स्वतःसाठी फक्त सुती, इथंच विणलेलं आणि इथंच शिवलेलं घ्यायचं. पहिल्या कुर्त्याला कापड आणि शिलाई मिळून साडेआठशे गेले. पन्हा छत्तीस इंच, त्यामुळे बाह्यांना कापड पुरेना. शिंपीदादा म्हणाले, "ताई, रेडिमेड का घेत न्हाई?" पहिल्या धुण्यात रंग गेला आणि घरातले तीन पांढरे बनियन गुलाबी झाले. नवरा अजून ते घालतो, मुद्दाम, मला दिसेल असे. इस्त्री रोज. हा त्रास खोटा नाही. ज्या बाईला सकाळी सातची गाडी पकडायची आहे तिला 'सुती घाल' म्हणून सांगायची माझी तरी हिंमत नाही.

पण मे महिन्यात पारा ४३ वर गेला तेव्हा तोच कुर्ता अंगावर होता आणि जीव वाचला. दुसरं म्हणजे दाब. शिंप्यानं शिवणीत दोन्ही बाजूंनी बोटभर दाब ठेवला होता, त्यामुळे मे महिन्याच्या लग्नांतल्या जेवणांनंतर उसवून सैल करता आला. रेडिमेडमध्ये एवढा दाब नसतो, माणूस जाड झाला की कपडा बाद. शिवाय ते साडेआठशे फार लांब गेले नाहीत. माग चालवणारा, कांडी भरणारी बाई, शिंपी, काजं-बटणं करणारी त्याची वहिनी, सगळे चार गल्ल्यांच्या आत.

आता 'लोकल म्हणजे हिरवं' असं म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी, कारण आपल्याच गावाबद्दल आपण खोटं बोलू नये. आपल्या जिल्ह्यात ज्वारी होते, ऊस होतो, डाळिंब होतं. मागावरचं बहुतेक सूत बाहेरून येतं. रंग बहुतेक रासायनिक. रंगाईला पाणी लागतं आणि ज्या शहरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतं तिथं ते कुठून येतं आणि रंगलेलं पाणी कुठं जातं, हा प्रश्न चादरीची किनार बघून सुटत नाही. कापसाचंही तेच. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा हिशेब जगभर सांगितला जातो. म्हणून सुती कपडा घेतला की पुण्य पदरात पडलं असं नाही. तो किती वर्षं अंगावर राहिला, यावर सगळं आहे.

युनिफॉर्मचंही बघा. आपलं सोलापूर शाळांचे गणवेश शिवण्यात नावाजलेलं. हजारो बायांचं घर त्यावर चालतं, त्याचा मला अभिमान आहे. पण कापड बहुतेक पॉलिस्टर मिसळलेलं, कारण शाळेला स्वस्त हवं, आईला बिनइस्त्रीचं हवं. एप्रिलच्या परीक्षेला पोरं त्यात घामानं निथळत बसतात. लोकल आहे, शंभर टक्के. पुढचं मी बोलत नाही.

आणि नक्कल. आपल्या चादरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरगावची पॉलिस्टरमिश्रित चादर 'सोलापुरी' म्हणून राजरोस विकली जाते. घेताना काठाचा एक धागा मागून घ्या आणि काडी लावा. सूत असेल तर कागदासारखं जळून राख होईल, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक गोळी होईल. दुकानदार चिडला तर समजून जा.

सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजाबरोबर चालणाऱ्यांची पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांचा अंगरखा, आठवते का? आमच्या शेजारच्या काकांकडे त्यांच्या वडिलांची आहे. संक्रांतीला ट्रंकेतून निघते, नीळ देऊन वाळत पडते आणि यात्रा झाली की परत ट्रंकेत. तिला कुणी सस्टेनेबल म्हणत नाही.

त्या जाकिटाचं म्हणाल तर मला राग नाही आला. ४,८०० देणारं गिऱ्हाईक असेल तर असू द्या. फक्त विणणाऱ्याच्या हातात त्यातलं चादरीच्या मजुरीइतकंच पडत असेल, तर मोर त्याचा आणि पैसा काचेमागच्यांचा. अण्णांना फोटो दाखवला. त्यांनी मोठा करून आधी मोराची मान बघितली. "डिझाइन आमचंच हाय," म्हणाले, "पण बाही उलटी जोडलीय, किनार आत गेली की."

मी अण्णांना दोन चादरी सांगितल्यात, घरात गरज नसताना. एक भाचीला देणार, राग जायला. रंग ठरवायला रविवारी सकाळी जातेय. कुणाला यायचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, एका दमात चार-पाच नग सांगितले तर अण्णा चौथा माग चालू करतो म्हणालेत.