किर्केगार्द पुनर्जन्म मानायचा? नाही हो!

अस्तित्ववादाचा (माणूस स्वतःच्या निवडींतून घडतो, या विचाराचा) जनक, तत्त्वज्ञ किर्केगार्द आपल्यासारखाच पुनर्जन्म मानायचा, अशी पोस्ट सगळीकडे फिरतेय, पण तसं काही नाहीये. घोळ शब्दाचा आहे. कोपनहेगनचा हा माणूस (१८१३-१८५५) पक्का ख्रिस्ती, आणि त्याने १८४४ च्या पुस्तकात जो नवा जन्म म्हटलाय तो मेल्यावरचा नाही, याच आयुष्यातला, श्रद्धेने माणूस आतून बदलतो तो. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा यहुदी पुढारी रात्री येशूकडे येतो, येशू नव्याने जन्मायला हवं म्हणतो, तेव्हा तो विचारतो ना, म्हातारा माणूस परत आईच्या पोटात कसा जाणार, अगदी तोच गैरसमज हा! अनंतकाळ म्हणजेही किर्केगार्दसाठी नुसती न संपणारी वर्षं नव्हेत, आत्ताच्या क्षणात अनंताचा स्पर्श होतो आणि तिथेच निर्णय घ्यावा लागतो, मला तर हे फार भिडतं. कृपया ती पोस्ट पुढे पाठवू नका.