वाचलेले १०, पाहिलेले ३०, केलेले ९० टक्के : हे मोजले कुणी?

शाळा सुरू झाल्या की शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक तक्ता फिरू लागतो. वाचलेले १० टक्के लक्षात राहते, ऐकलेले २०, पाहिलेले ३०, पाहिलेले-ऐकलेले ५०, स्वतः बोललेले ७०, केलेले ९०. खाली 'एडगर डेल यांचे संशोधन' आणि सल्ला : पुस्तक मिटा, व्हिडिओ लावा, मुलांना आपोआप गोडी लागेल.

'डेल यांचे संशोधन'

डेल ओहायो स्टेट विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक होते. बी.एड. केलेल्यांना त्यांचा अनुभव-शंकू, म्हणजे शिकण्याच्या अनुभवांची शंकूच्या आकारातली आकृती, पाठ असतो. १९४६ च्या पुस्तकात त्यांनी तो मांडला, तेव्हा त्यात टक्केवारी नव्हतीच. तळाशी प्रत्यक्ष अनुभव, टोकाला शब्द. मूर्ताकडून अमूर्ताकडे, इतकेच. किती लक्षात राहते हा त्याचा विषयच नव्हता.

'१०, २०, ३०…'

हे आकडे १९६७ मध्ये दृक्‌श्राव्य साधनांच्या एका अमेरिकी मासिकात, मोबिल या तेल कंपनीतल्या कर्मचाऱ्याच्या लेखात छापून आले. त्यामागे कुठलाही प्रयोग दाखवलेला नाही. पुढे ते शंकूला चिकटले. खऱ्या मोजणीत सगळेच आकडे असे दहाच्या पटीत येतात होय?

'म्हणून व्हिडिओ लावा'

तक्ता खरा धरला तरी व्हिडिओच्या वाट्याला ५० येतात, मुलांना बोलते केले तर ७०. पुढे पाठवणाऱ्यांनी तक्ता वाचला असेल, पण १० टक्केच लक्षात राहिला असावा.

'गोडी आपोआप लागेल'

हे मात्र सहज पटते, म्हणून जास्त फसवे आहे. शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर या संशोधकांनी कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे विद्यार्थ्यांना वीज कशी पडते हे समजावणारा सचित्र मजकूर दिला. काहींच्या मजकुरात चटकदार भर होती : सरावात अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूवर वीज कोसळली, हेल्मेटला भोक पडले, बूट उडाले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, ही भर वाचलेल्यांना मुख्य मुद्दे कमी आठवले आणि वीज पडण्यावरचे नवे प्रश्नही कमी सुटले. मुलांची गोडी त्या बुटांत अडकते. ढगातला विद्युतभार राहतो बाजूला.

चित्र नकोच, असे नाही. नुसत्या शब्दांपेक्षा शब्द आणि चित्र मिळून अधिक समजते, हे मेयर यांच्याच प्रयोगांत वारंवार दिसले. मात्र निवेदक बोलतो तीच वाक्ये पडद्यावरही उमटत राहिली, तर समज घटते असेही त्यांना आढळले. आपल्याकडचे कितीतरी शैक्षणिक व्हिडिओ नेमके तसेच बनतात.