पाळकसाहेब, घरी कधी येताय?

मागच्या रविवारी उपासना सुटल्यावर आमच्या चर्चच्या कमिटीची मीटिंग झाली, चांगली अडीच तास. विषय काय तर कंपाउंडची भिंत, साउंड सिस्टीम आणि पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, बंगल्याला कोणता कलर मारायचा, कारण मे महिन्यात बदली होऊन नवीन पाळक येतायत. शेवटी मी विचारलं, आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, अंथरुणाला खिळलेले किती जण आहेत, त्यांची यादी कोणाकडे आहे का? सगळे गप्प. मग खजिनदार म्हणाले, वर्गणीचं रजिस्टर आहे की!

आता काहीजण म्हणतील याचा पाळकांवर राग आहे. नाहीये हो. आजी आजारी होती ते नऊ महिने मी विसरू शकत नाही. आमचे तेव्हाचे पाळकसाहेब प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घेतात त्या) रविवारी देवळातलं, म्हणजे चर्चमधलं, आटपलं की तसेच झग्यातच छोटा डबा घेऊन घरी यायचे, आजीला भाकर द्राक्षारसात भिजवून भरवायचे आणि मग बायबलमधलं 23वं स्तोत्र म्हणायचे, आजी ओठ हलवायची नुसते. त्यांचा उपदेश खरं सांगू का, भयंकर कंटाळवाणा, मागच्या बाकावर मी मस्त पेंगायचो. पण आजीच्या मातीच्या वेळी ते जे दहा मिनिटं बोलले ते फक्त आजीबद्दलच होतं, दुसऱ्या कोणाच्या मातीला चाललं नसतं.

बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 34वा अध्याय काढून बघा. देव मेंढपाळांवर, म्हणजे लोकांच्या पुढाऱ्यांवर, चिडलाय तो कशासाठी? दुबळ्यांना बळ दिलं नाही, आजाऱ्यांना बरं केलं नाही, मोडलेल्याला पट्टी बांधली नाही, भरकटलेल्याला परत आणलं नाही, हरवलेल्याला शोधलं नाही, स्वतःच मात्र खाऊन लठ्ठ झालात. त्या यादीत बिल्डिंग फंड कुठेच नाहीये.

आम्ही नगरकडची माणसं, धनगरांचे वाडे बघत मोठे झालो. दिवाळीनंतर कोकणाकडे निघालेल्या कळपात लंगडं मेंढरू मागं पडलं की धनगर थांबतो, नुकतं जन्मलेलं कोकरू काखेत घेतो, आणि एखादं कमी असलं तर न मोजता त्याला कळतं. आमच्याकडे चार महिने एक कुटुंब उपासनेला आलं नाही, का आलं नाही हे विचारायला कोणी गेलं नाही, आता ते दुसऱ्या मंडळीत जातात आणि आम्ही म्हणतो 'फोडून नेले'.

वेळ नसतो म्हणतात. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये किडरमिन्स्टर गावात रिचर्ड बॅक्स्टर नावाचा पाळक होता, त्याच्याकडे आठशेच्या वर कुटुंबं होती. तो आणि त्याचा सहायक दर सोमवार-मंगळवार फक्त कुटुंबांसाठी ठेवायचे, एकेका कुटुंबाशी बसून बोलायचे, आठवड्याला पंधरा-सोळा, म्हणजे वर्षात सगळा गाव होतो. आणि त्याची स्वतःची तब्येत कायम बिघडलेली!

अजून एक गोष्ट आहे, ती जास्त दुखते. कोणी विश्वासाने सांगितलेलं पोटात ठेवणं. एका मंडळीत असताना (कुठली ते सोडा) भावाच्या दारूबद्दल मी रडून सांगितलं होतं, पुढच्या रविवारी 'आपल्यातल्याच एका घरात' असं म्हणून ते वेदीवरून आलं. संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रार्थना विषय म्हणून पण आलं, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. भाऊ त्यानंतर देवळात आला नाही. प्रार्थनेच्या नावाखाली केलेली चहाडी चहाडीच असते, मग करणारा कोणी का असेना.

आणि आपली पण चूक आहेच ना. खेड्यात एकेका पाळकाकडे चार-चार गावं, पगार वेळेवर नाही, त्यात कोर्टाच्या तारखा, प्रॉपर्टीचे कागद, लग्नाचे दाखले हे सगळं आपण त्यांच्याच गळ्यात घातलंय. मग हा माणूस बायबल कधी वाचणार, स्वतःसाठी प्रार्थना कधी करणार? पाळकाचा आपण मॅनेजर केला आणि आता त्याच्यात मेंढपाळ शोधतोय. ही कामं कमिटीने घ्यायला पायजेत, मी स्वतः दाखल्यांचं काम घ्यायला तयार आहे, मीटिंगमध्ये लिहून दिलंय.

बाकी यादी मीच करायला घेतलीय. आत्तापर्यंत तेवीस नावं झालीत, पत्ता, दुपारी कधी झोपतात, ऐकू कमी येतं का, एवढं लिहितोय. नवीन साहेब आले की रंगाचं शेड कार्ड कमिटी देईल, हा कागद मी देणार. पहिलं नाव भावाचं टाकलंय.